न झिजलेले ब्रेक-पॅड

माझी ताई कमी बोलते आणि मी जास्त. त्यामुळे तिच्याबद्दल मलाच सांगावं लागणार, त्याला इलाज नाही.

ती कटर आहे. म्हणजे शिवत नाही, कापते. कोट, जाकिटं, थंडीतले लांब ओव्हरकोट. लांबलचक टेबलावर कापड पसरायचं, खडूने रेघा मारायच्या आणि कात्री चालवायची. शिवणारे शिवतात, नाव दुकानाचं होतं, पण कोट खांद्यावर बसला तर तो ताईमुळे आणि नाही बसला तर गिऱ्हाइकाच्या खांद्यामुळे, असं ती म्हणते. कोटांच्या कारखान्यात छत्तीस वर्षं त्याच एका टेबलापाशी उभी आहे. वय बासष्ट. रिटायर कधी होणार असं विचारलं की कापडावरची नजर न काढता म्हणते, "हा कोट झाला की." पुढचा कोट तयारच असतो.

मी सायकलवाला. लहानपणी सदान्‌कदा खिशात पाना असायचा म्हणून तिनेच मला पान्या म्हणायला सुरुवात केली. आता सत्तावन्न वर्षांचा झालो, डोक्यावरचे केस गेले, पण पान्या काही गेला नाही. स्वभाव तापट आहे असं आमची ही म्हणते. मी म्हणतो, तापट नाही, मला फक्त मूर्खपणा सहन होत नाही. ती म्हणते, तेच ते.

तर ताईने चोपन्नाव्या वर्षी रेसर सायकल घेतली. मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, बारीक टायर, डिस्क ब्रेक. अख्ख्या कारखान्यात हसू झालं. आमचे भाऊजी, म्हणजे तिचे मिस्टर, मला बाजूला घेऊन म्हणाले, "अरे, हिला समजव. या वयात वाकून सायकल चालवणार, लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "भाऊजी, छत्तीस इंच उंचीच्या टेबलावर ती जन्मभर वाकूनच उभी आहे. आता निदान वारा तरी लागेल." सायकल मीच मागवली, मीच जोडली. ब्रेक वायरचे लावले. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं सगळं रामायण त्या वायरवरूनच झालं.

डिस्क ब्रेक दोन प्रकारचे. एकात लिव्हर दाबली की पोलादी वायर ओढली जाते आणि चाकाजवळचे पॅड डिस्कला चिमटा काढतात. दुसऱ्यात वायर नाही, नळीत तेल असतं. वरून दाबलं की खाली तेल पॅडला ढकलतं. मी वायरवाला. कट्टर. दुकानात कुणी तेलाच्या ब्रेकचं नाव काढलं की माझं डोकं फिरायचं. "सायकल आहे का जेसीबी? आज तेल घालाल, उद्या काच पुसायला वायपर लावाल!" गिऱ्हाईकं हसायची आणि मला आणखी चेव यायचा. पुलापलीकडे एका बाईने सायकलचं दुकान टाकलं होतं. ती सर्रास तेलाचे ब्रेक बसवायची. तिचं नाव मी तेलवाली ठेवलं आणि ते गावभर झालं.

ताईचं घर टेकडीवर, कारखाना खाली नदीकाठी. मधला रस्ता तीन वळणांचा. उतार असा की खाली सिग्नलला थांबायचं असेल तर वरच्या वळणापासूनच मनाची तयारी करावी लागते. ती रोज सकाळी उतरायची, संध्याकाळी चढायची. चढताना बासष्ट वर्षांची बाई विशीतल्या पोरांना मागे टाकायची. मी ते दुकानातून बघायचो आणि माझीच कॉलर ताठ व्हायची. सकाळी ती उतरायची तेव्हा माझं दुकान उघडलेलं नसायचं.

मग तिची कुरकुर सुरू झाली. "पान्या, ब्रेक कडक लागतो रे."

मी वायर बदलली. दोन आठवड्यांनी परत, "जरा मऊ होईल का?" मी वायरवरचं आवरण बदललं, लिव्हर खोलून साफ केली, सांध्यांना ग्रीस लावलं, पॅडही नवे घातले. मी करंगळीने दाबून दाखवली. ती म्हणाली, "तुझी करंगळी म्हणजे माझा अंगठा." मी चिडलो. तीस वर्षं हेच काम करतोय, लोक लांबून येतात, आणि सख्खी बहीण माझ्या ब्रेकला नावं ठेवते! मी म्हटलं, "ताई, कडक नाही, चोख आहे. तुला चोख आणि कडक यातला फरक कळायला हवा, तू कटर आहेस." तिने माझ्याकडे पाहिलं, हेल्मेट घातलं आणि गेली. त्यानंतर कुरकुर बंद. मला वाटलं, पटलं हिला. मी जिंकलो.

आठ महिन्यांनी सर्व्हिसिंगला सायकल आली, तेव्हा मी पॅड काढून बघितले. जसेच्या तसे! त्या उतारावर रोज येणाऱ्या बाकीच्यांचे पॅड तीन महिन्यांत पापुद्र्याएवढे होतात, आणि ताईचे आठ महिन्यांनी नवेकोरे. माझे पाय जमिनीवर राहिनात. मी ते पॅड खिशातच घेऊन फिरायला लागलो. येईल त्याला दाखवायचो. "बघा, वायरचा ब्रेक! नीट बसवला की असा चालतो. आठ महिने, रोजचा उतार."

एकदा ठोक माल देणाऱ्याकडे टायर आणायला गेलो होतो. काउंटरवर त्यालाही पॅड दाखवत होतो. माझ्या मागे एक बाई उभी होती, पन्नाशीच्या अलीकडची, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, नखांत काळं. तिने हात पुढे केला. "बघू काका."

काका म्हणाली, तिथेच मला ती आवडली नाही. पण पॅड दिला. तिने त्यावरून नख फिरवलं, उजेडात तिरका धरला.

"ही बाई तीन वळणांचा उतार रोज उतरते?"

"रोज."

"आणि हे आठ महिन्यांचे?"

"आठ! मोजून."

"मग ती ब्रेक दाबत नाही."

मी मोठ्याने हसलो. "अहो बाई, ब्रेक न दाबता तो उतार उतरला तर माणूस सिग्नल तोडून थेट नदीत जाईल."

"बरोबर आहे," ती शांतपणे म्हणाली आणि पॅड माझ्या हातात ठेवला. "म्हणजे ती सायकलवर बसून उतरत नाही. कडेला चकाकी बघा ना. पॅड डिस्कला नुसता चाटून जातोय."

ठोकवाला खाली मान घालून बिलं चाळायला लागला. मला नंतर कळलं की तीच तेलवाली. तेव्हा कळलं असतं तर बोलण्याच्या भरात काय बोलून गेलो असतो, देव जाणे. टायर न घेताच मी परत आलो. येताना वाटेत तोच पॅड चार वेळा खिशातून काढून बघितला. मेकॅनिक मी, आणि चकाकी तिला दिसली. मी पॅड बघितलाच नव्हता, नुसता मिरवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मधल्या वळणावर, ब्रेडच्या दुकानाच्या आडोशाला जाऊन उभा राहिलो. सख्ख्या बहिणीवर पाळत ठेवायची वेळ आली. नेहमीपेक्षा अर्धा तास आधीच ती वरून आली. चालत. फुटपाथच्या कडेकडेने, डाव्या हाताने सायकल धरलेली, उजवा हात कोटाच्या खिशात. डोक्यावर हेल्मेट होतं, ते बघून मला कसंतरीच झालं. जगात लोक चढ चालतात आणि उतार सायकलवरून उतरतात. माझी बहीण उलटं करत होती. आणि मी तिची कौतुकं सांगत फिरत होतो.

हाक मारली नाही. ती वळणाआड गेली, मग दुकान उघडायला गेलो.

दुपारी कारखान्यात गेलो. कटिंगची खोली मला लहानपणीच्या शाळेसारखी वाटते. भिंतभर हुकांना कागदी नमुने टांगलेले, खिडकीतून येणारा उजेड थेट टेबलावर, आणि कापडाचा तो कोरडा वास. ताई राखाडी लोकरीचं कापड कापत होती. कात्रीच्या मुठीला फडकं गुंडाळलेलं. पूर्वी तिची कात्री कापडातून पाण्यातल्या होडीसारखी जायची. आता ती कात्रीचं खालचं पातं टेबलाला टेकवून, वरचं पातं अख्ख्या दंडाने दाबत होती. प्रत्येक दाबाला ओठ मिटत होती.

मी म्हटलं, "ताई, किती दिवस झाले?"

तिने वर बघितलं. मला सबब सांगावी का खरं, याचा क्षणभर विचार केला असावा. मग कात्री खाली ठेवली.

"वर्ष झालं. अंगठ्याचा बुडखा. डॉक्टर म्हणाले, सांधा झिजलाय. काम जमतंय रे, टेबलाचा आधार असतो. उतारावर आधार नाही. बोटं आखडतात. मागच्या थंडीत एकदा सुटलीच सायकल. खालच्या वळणावर एक बाई बाळाची गाडी ढकलत होती. दोन हात लांबून गेले मी. त्या बाईला कळलंही नाही. त्या दिवसापासून चालते."

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगत होते की. ब्रेक कडक लागतो म्हणून."

"हात दुखतो असं सरळ सांगायचं!"

आवाज चढला माझा. शेजारच्या खोलीतली मशीनं थांबली. ताईने कापडावरचा खडू झटकला.

"तुझ्या दुकानात स्टुलावर बसले होते मी," ती म्हणाली. "ते चित्रकलेचे मास्तर आले होते ना, बोटं दुखतात, ब्रेक हलका करून द्या म्हणत? तू काय म्हणालास त्यांना?"

मला आठवेना. आणि मग आठवलं. सगळ्यांसमोर म्हणालो होतो, "मास्तर, हात गेले की सायकल विकावी, ब्रेकला दोष देऊ नये." सगळे खो खो हसले होते. मास्तरही हसले होते. आठवड्याभरात त्यांनी सायकल विकली.

"तुझंही बरोबर असेल," ताई म्हणाली. "मी ठरवलंच होतं. या महिन्याअखेर तुला सांगणार होते, एखादं गिऱ्हाईक बघ म्हणून. सायकल चांगली ठेवलीये, जाईल पटकन."

मला लाज वाटली. नुसती वाटली नाही, अंगभर पसरली. ताईला मी ओळखतो. दिवसभर टेबल, घरी गेलं की घर, भाऊजींची पथ्यं, त्यांचे हरवलेले चष्मे. मधली वीस मिनिटं तेवढी तिची. ती वीस मिनिटं ती विकायला निघाली होती, आणि भाव मी ठरवून दिला होता.

"सायकल विकायची नाही," मी म्हटलं. "रविवारी मी घरी येतो. ब्रेक बदलतो."

"आता कुठली वायर लावणार?"

"तेलाचे लावतो."

ताईने माझ्याकडे बघितलं आणि तिला हसू फुटलं. टेबलाला धरून हसली. दारातून शिवणाऱ्या दोघी डोकावल्या. "तू? तेलाचे? पान्या, तू?" डोळे पुसत पुसत हसली. हसू दे म्हटलं. तेवढं तर माझ्या वाट्याला यायलाच हवं होतं.

मग गेलो पुलापलीकडे. तेलवालीने मला बघितलं आणि हातातलं काम खाली ठेवलं. मी सरळच सांगितलं, "पॅडवाली बाई माझी बहीण आहे. तिचा अंगठा गेलाय. तेलाचे ब्रेक बसवायचे आहेत आणि मला ते येत नाहीत."

तीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं. टोमणा मारेल म्हणून दात आवळून उभा होतो. तिने एक स्टूल पुढे सरकवलं. मग दोन सिरिंज एका पातळ नळीने जोडल्या, पाणी भरलं, एक माझ्या हातात दिली. "दाबा." मी दाबली, तर तिच्या हातातली बाहेर आली, अगदी लोण्यासारखी. "वायर आवरणाला घासत जाते, वळणावळणावर जोर खाते. तेलाला घासायला काही नाही. बोटाने दिलेला जोर चाकापर्यंत पोचतो." स्टँडवरच्या सायकलचं चाक फिरवून तिने मला लिव्हर दाबायला सांगितली. एक बोट लावलं. चाक जागच्या जागी थबकलं. मी पुन्हा दाबून बघितली, आणि पुन्हा. तेव्हाचा माझा चेहरा माझ्या ओळखीच्या लोकांनी बघायला हवा होता.

मी एक पळवाट काढून बघितली. वर वायर आणि खाली चाकापाशी तेल, असा अर्धा-अर्धा प्रकारही मिळतो, तो चालेल का? म्हणजे वायर निदान शिल्लक राहील. ती म्हणाली, "बहिणीसाठी बसवताय का वायरसाठी?" मग लिव्हर, नळ्या, चाकापाशी पॅड धरणारे कॅलिपर, सगळा नवा संच मागवला. रेसर हँडलच्या लिव्हरमध्येच गिअर असतात, त्यामुळे तिने मला विचारून ताईच्या गिअरला जुळणाराच बघितला. ती म्हणाली, "रविवारी मी येते. हात तुमचेच लावा, मी नुसती बघेन." माझ्या दुकानात नको हे तिला सांगावं लागलं नाही.

रविवारी तिला घेऊन जायला मी पुलाकडे गेलो आणि वाटेतून भाऊजींना फोन केला. "सायकल गॅलरीत घ्या, खाली जुनी चादर टाका. आज हवा काढायची आहे." नळीत तेलाबरोबर हवेचे बुडबुडे अडकले तर लिव्हर पोकळ लागते, म्हणून ते बाहेर काढावे लागतात, त्याला आम्ही हवा काढणं म्हणतो. आम्ही पोचलो तर भाऊजी गॅलरीत चादरीवर बसलेले, घामाघूम आणि अतिशय खूश.

"काढली!" म्हणाले. "दोन्ही चाकांची. शेवटी शेवटी टायरवर बसलो, तेव्हा कुठे पूर्ण निघाली."

तेलवाली भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. ताई आतून म्हणाली, "ह्यांना कधी नाही ते काम सांगितलंस आणि त्यांनी ते केलंसुद्धा, आता नावं ठेवू नकोस."

पण त्या दिवशी खरी हवा निघाली ती माझी. वायरवाल्याला एक खोड असते. काम करताना येता-जाता लिव्हर दाबून बघायची. बोटांना चैनच पडत नाही. वायरच्या ब्रेकला त्याने काही होत नाही. तेलाच्या ब्रेकला चाक काढलेलं असताना लिव्हर दाबली की मधे डिस्क नसल्यामुळे पॅड एकमेकांना जाऊन भिडतात आणि मागे येत नाहीत. तेलवालीने आधीच बजावलं होतं. मी हो म्हटलं आणि दाबली. तिने चपटी पट्टी घालून पॅड मागे सारले. पाच मिनिटांनी मी परत दाबली. तिसऱ्यांदा दाबली तेव्हा तिने दोन्ही लिव्हरना कागदी चिकटपट्टी गुंडाळली आणि ताईचा खडू मागून घेऊन वर लिहिलं, "काकांनी हात लावू नये."

नळ्या मापाने कापल्या. इथे मात्र ताई आली आणि म्हणाली, "थांब, हँडल पूर्ण वळव आधी, मग माप घे. बाही हात खाली असताना मापली तर हात वर केल्यावर आखूड होते." तेलवालीने मान डोलावली. मी मुकाट्याने हँडल वळवलं. नाहीतर नळी दोन बोटं आखूड पडली असती.

मग माझ्या डोक्यात एक शहाणपण आलं. आमच्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, आणि थांबवायचं खरं काम पुढचाच करतो. ताईचा उजवा अंगठा गेलेला. मी म्हटलं, "ताई, पुढचा डाव्या हाताला देतो. तो हात धड आहे."

"नको."

"अगं, तुझ्या भल्यासाठी..."

"उजवा हात पन्नास वर्षं पुढचा दाबतोय. घाईच्या वेळी तो मला विचारायला येणार नाही. माझ्या हातांच्या वाटण्या तू करू नकोस."

तेलवाली हळूच म्हणाली, "बरोबर बोलतायत त्या. आणि जोर फार लागणारच नाही." तरी मला पटेना. सगळा भरवसा त्या दुखऱ्या हातावर ठेवायचा म्हणजे!

वर लिव्हरला फनेल लावलं, खाली कॅलिपरला तेल भरलेली सिरिंज. मी खालून हळूहळू तेल ढकलत होतो, भाऊजींनी नळीला टिचक्या मारायच्या आणि फनेलमध्ये लक्ष ठेवायचं. माणूस अक्षरशः डोळ्यांत तेल घालून बसला होता. बुडबुडा आला की ओरडायचे, "आला! आणखी एक आला! हा मोठा होता!" शेजारच्या गॅलरीतले लोक बाहेर आले. बुडबुडे थांबले तेव्हा भाऊजींचा चेहरा पडला.

मग चिकटपट्टी काढली. लिव्हरमधला एक छोटा स्क्रू फिरवून ती हँडलच्या जवळ आणली, ताईची बोटं आखूड आहेत म्हणून. इतकी वर्षं वायरच्या लिव्हरला मी हे का केलं नाही, ते विचारू नका. ताई सायकलवर बसली, एक पाय जमिनीवर. उजव्या हाताचं एकच बोट लिव्हरवर ठेवलं. दाबलं. सोडलं. दाबलं. अंगठा नुसता हँडलवर टेकलेला होता, त्याला काही कामच नव्हतं. आम्ही तिघे तिच्या तोंडाकडे बघत होतो. ती उतरली, आत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही. भाऊजी बघून आले आणि म्हणाले, "चहा करतेय." त्या चहाला पंचवीस मिनिटं लागली. बाहेर आली तेव्हा नाक लाल होतं आणि चहात साखर नव्हती. चौघांनी तो तसाच प्यायला.

नवे पॅड आधी सपाट रस्त्यावर रुळवावे लागतात. ते मी केलं, पुन्हा पुन्हा वेग घेऊन थांबत. एकदा नेहमीच्या सवयीने चार बोटांनी दाबला आणि जवळजवळ हँडलवरून पुढे गेलो. तेलवालीने टाळ्या वाजवल्या.

सोमवारी सकाळी मी उताराच्या पायथ्याशी, सिग्नलपाशी उभा राहिलो. ताईने सांगितलं होतं, येऊ नकोस. न जाऊन कसं चालेल? भाऊजींनी वरून फोन केला. "निघाली! बसून!"

हा उतार सायकलने चार मिनिटांचा. घड्याळ हातात धरून उभा होतो. चार झाली. पाच झाली. वरून दोन गाड्या आल्या, एक पोरगा आला, दूधवाला आला. ताई नाही. सात मिनिटं. माझ्या डोळ्यांपुढे नळीचा तो सांधा यायला लागला, जो मी माझ्या हातांनी आवळला होता, आयुष्यात पहिल्यांदा. कमी आवळला का? जास्त आवळला का? पुढचा ब्रेक डाव्या हाताला दिला असता तर? आठ मिनिटं झाली आणि मी धावत सुटलो. सत्तावन्नाव्या वर्षी चढावर धावणं म्हणजे काय ते मला विचारा. पहिलं वळण ओलांडलं, कुणी नाही. छाती फुटायला आली होती आणि मी मोठमोठ्याने "ताई, ताई" करत होतो.

मधल्या वळणावर ती उभी होती. एक पाय फुटपाथच्या कडेवर, एक पेडलवर, आणि समोर खाली पसरलेलं गाव बघत होती. अगदी निवांत.

"काय झालं? ब्रेक गेला का? हात दुखतोय का?" मला धड बोलता येत नव्हतं.

"काही नाही रे," ती म्हणाली. "थांबले."

"कशाला?"

"थांबता येतंय म्हणून. वर एकदा थांबले, त्या पिवळ्या घरापाशी एकदा, आणि आता इथे." तिने माझ्याकडे बघितलं. "उतारावर सुटलं की खालीच जाऊन पोचायचं, मधलं काही आपलं नाही, असं झालं होतं मला. तू एवढा का धापा टाकतोयस? बस जरा. मी होते पुढे, मला उशीर होतोय."

आणि ती सुटली. मी कठड्याला धरून उभा राहिलो. ती वेगात खाली गेली, पाठ वाकलेली, कोट वाऱ्याने फुगलेला, आणि खालच्या वळणाच्या अलीकडे सायकल हळू झाली आणि उभी राहिली. तिथे गाडी नव्हती, माणूस नव्हतं, मांजरसुद्धा नव्हतं. तिने पाय टेकला. मला रडू आलं. सरळ, हुंदके देऊन, रस्त्यात.

पिशवी घेऊन वर येणारी एक म्हातारी बाई माझ्यापाशी थांबली. "काय झालं हो? बरं वाटत नाहीये का?"

"अहो, थांबली ती!" मी हात करून दाखवलं. "बघा ना, पुन्हा थांबली!"